एकशे पाच खोकी

मेणबत्तीच्या कारखान्यात पॅकिंगच्या खोलीतलं सगळ्यात लांब टेबल थोरलीचं होतं, आणि सगळ्यात लांब जीभही तिचीच, असं बाकीच्या बायका म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका नव्या बाईने आपुलकीने विचारलं, "आज चेहरा का हो उतरलाय?" तर थोरलीने हातातलं काम न थांबवता सुनावलं, "माझा उतरलाय तो मी चढवीन. तुझा कधी चढला होता ते आधी सांग." त्या बाईने पुढे वर्षभर कुणाची साधी तब्येतसुद्धा विचारली नाही.

थोरली हे काही तिचं नाव नव्हतं. दोन भावांचं घर. थोरल्याची बायको ती थोरली, धाकट्याची ती धाकटी. दोघी जावा एकाच कारखान्यात कामाला लागल्या तेव्हा घरातली नावं त्यांच्याबरोबर आत आली, आणि घरातलं भांडणही. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात, पण विळा आणि भोपळा निदान एका स्वयंपाकघरात तरी नांदतात. या दोघींनी सासू गेल्यावर घराच्या मधोमध भिंत घालून घेतली. भिंतीत एक खिडकी ठेवली होती, कारण धाकटीच्या स्वयंपाकघराला उजेड काय तो तेवढाच. एक दिवस थोरलीने गवंडी बोलावला आणि ती खिडकी विटांनी बुजवून टाकली. "माझ्या घरातलं बोलणं तिच्या भांड्यांत पडतं," एवढंच कारण तिने दिलं. तेव्हापासून धाकटी भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक करत होती आणि दोघींमध्ये शब्द म्हणून नव्हता. दोघींचे नवरे मात्र संध्याकाळी बाहेरच्या पायरीवर शेजारी शेजारी बसत, हळू आवाजात काहीबाही बोलत, आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला की आपापल्या दाराने मुकाट आत जात.

कामात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तिचे वैरीही कबूल करत. साच्यातून निघालेल्या मेणबत्त्या बुडं कापून तिच्या टेबलावर येत. डाव्या हाताने ती कागद ओढायची आणि उजव्या हाताने मेणबत्त्या उचलायची. ती मोजताना कुणाला कधी दिसली नाही, मुठीतच बरोबर दहा यायच्या. दहांची एक पुडी, दहा पुड्यांचं एक खोकं, दहा खोक्यांची एक लाकडी पेटी. कितीही घाई असो, तिची पुडी कधी नवाची निघाली नाही.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र सगळा अंधार होता. ती शाळेची पायरी चढली नव्हती. मुलगा लहान असताना त्याच्या पाटीवर बघून बघून तिने शून्यापासून नवापर्यंतच्या आकड्यांचे आकार गिरवले होते, आणि शंभर कसा दिसतो ते तिला ठाऊक होतं, एकावर दोन शून्यं. एवढ्या भांडवलावर तिचा संसार चालला होता, कारण जुना मुकादम मालाच्या चिठ्ठ्या स्वतः लिहायचा. तो निवृत्त झाला आणि नवा आला. हा तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, इतक्या मऊ आवाजात बोलायचा की शिवी दिली तरी आभार मानल्यासारखी वाटावी. पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितलं, "मावशी, यापुढे ज्याने त्याने आपल्या टेबलाच्या चिठ्ठ्या आपणच लिहायच्या. मी तोंडी सांगेन तेवढा आकडा टाकायचा. येतं ना?"

"न यायला काय झालं?" थोरली म्हणाली. अशा वेळी 'येत नाही' म्हणायला जी जीभ लागते, ती तिच्या लांबलचक जिभेत कुठेच नव्हती.

सुरुवातीला निभावलं. सात खोकी, नऊ खोकी, एकदा शंभर. मग एका सकाळी मुकादम दारातूनच म्हणाला, "बाजारातल्या दुकानाची गाडी येतेय. एकशे पाच खोकी." थोरलीने पेन्सिल उचलली. शंभर तिला येत होते, पाचही येत होता. तिने आधी शंभर लिहिले आणि त्याच्या शेजारी पाच लिहिला. चिठ्ठीवर झालं १००५. तिला ते अगदी नेटकं दिसलं. तिने चिठ्ठी पुढे सरकवली.

ती चिठ्ठी गेली धाकटीकडे. धाकटी सातवी शिकलेली, त्यामुळे दाराजवळ तपासनीस म्हणून बसायची. माल बाहेर जाण्याआधी चिठ्ठी बघून सही करायची, हे तिचं काम. तिने सही केली.

मग जे झालं ते पुढे कित्येक वर्षं हमाल एकमेकांना सांगत होते. मुकादम बाहेरच्या कामाला गेला होता. एक गाडी भरली, दुसरी मागवली. गोदामात भिंती दिसायला लागल्या तरी खोकी निघतच होती. एक म्हातारा हमाल पाठ धरून म्हणाला, "अरे, दुकान आहे की गाव आहे?" पण चिठ्ठीवर आकडा होता, खाली सही होती, आणि हमालाने आकड्याशी वाद घालायचा नसतो. दुपारनंतर दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या आल्या आणि रिकाम्या परत गेल्या. तिकडे बाजारातल्या दुकानदाराने जागा नाही म्हणून खोकी फुटपाथवर रचली होती. वर कडक ऊन. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा अर्ध्या खोक्यांमधल्या मेणबत्त्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः पॅकिंगच्या खोलीत आले. हातात ती चिठ्ठी होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," थोरली म्हणाली. "तुमच्या मुकादमांनी एकशे पाच सांगितले, मी एकशे पाच लिहिले."

"हे एकशे पाच आहेत?"

"मग काय? हे शंभर." तिने बोट ठेवलं. "आणि हे पाच."

खोलीत हसू फुटलं. आधी दाराजवळून, बारीक, नाकातून आलेलं. ते धाकटीचं होतं. मग इतके दिवस जिभेचे फटके खाल्लेल्या सगळ्या बायकांनी आपापला हिशेब चुकता करून घेतला. एकीला तर हसता हसता खाली बसावं लागलं. थोरलीला नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं, आपण उघड्या पडलो एवढंच कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि ही सही कुणाची?" मालकांनी विचारलं.

दाराजवळचं हसू बंद झालं.

धाकटी उठून उभी राहिली. "गर्दी होती, साहेब. नजरचूक झाली."

"एकशे पाचाच्या जागी एक हजार पाच. अशी नजरचूक होते? सातवी शिकलीस ना तू?"

मालक दोघींनाही त्याच दिवशी घरी पाठवायला निघाले होते. मुकादमाची तर मनापासून तीच इच्छा होती. त्याची मेहुणी कधीची या कारखान्यात जागा शोधत होती, हे पॅकिंगमधल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. पण थोरलीच्या तोडीची पॅकिंगवाली मिळत नाही हे मालकही जाणून होते. ते म्हणाले, "महिनाभराची मुदत. हिला आकडे आले पाहिजेत. आणि ते तू शिकवायचे," त्यांनी धाकटीकडे बोट दाखवलं. "नाही आले तर दोघी घरी."

जेवणाच्या सुट्टीत मागच्या नळावर दोघी समोरासमोर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोरली तिच्याशी बोलली, तेही एकच शब्द.

"नजरचूक?"

धाकटीने डबा विसळता विसळता वर बघितलं. "नाही हो जाऊबाई. चांगली पाहिली होती. गंमत बघावी म्हटलं." धाकटीचं एक होतं, ती थोरलीला कायम 'अहो-जाहो'च करायची, आणि तिचं ते 'अहो' दुसऱ्या कुणी थोबाडीत मारण्यापेक्षा जास्त लागायचं.

"गंमत आता तुझ्याही ताटात पडली."

"पडू दे. एक महिना तुमचं तोंड बघायची शिक्षा झालीय, त्यापुढे नोकरी गेली तर काय मोठंसं?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत, थोरलीच्याच टेबलावर. बाकीच्या बायका मुद्दाम डबे घेऊन जवळ बसायच्या. फुकटचा तमाशा कोण सोडणार?

धाकटी शिकली होती, पण शिकवता तिला येत नव्हतं. तिला शाळेत जे घोकवलं होतं तेच ती थोरलीच्या डोक्यावर ओतायची. "म्हणा. एकं, दहं, शतं, हजार." थोरली म्हणायची. "उलटं म्हणा." तेही म्हणायची. दोन दिवसांत ते तिला इतकं पाठ झालं की मेणबत्त्या उचलतानाही ती दातांखाली पुटपुटायची, पण ते कशाचं नाव आहे हे विचारलं तर तिला सांगता येत नव्हतं. आणि विचारायचं ते धाकटीला, त्यापेक्षा जीभ चावलेली बरी.

पहिलं मोठं भांडण पंचवीसवरून पेटलं. धाकटीने सांगितलं, "लिहा, पंचवीस." थोरलीने लिहिलं, ५२.

"हे बावन्न झाले."

"बावन्न कसे? पंच-वीस. आधी पाच, मग वीसचा दोन. तूच म्हणालीस ना आधी पाच?"

"तोंडाने आधी पाच. हाताने आधी दोन."

"का?"

"का म्हणजे? तसंच असतं."

"तोंड एक बोलतं आणि हात भलतंच लिहितो. माणूस असं वागला तर त्याला आपण लबाड म्हणतो. आकडा वागला की हुशारी?"

"अहो जाऊबाई, तुमच्याशी वाद घालायला आकडे रिकामे नाहीत. लिहा, त्रेपन्न."

थोरलीने रागाने आधी पाच काढला, मग तीन. बरोबर आलं. पण लगेच धाकटीने गोड आवाजात विचारलं, "आता एकोणतीस," आणि थोरलीने बिनधास्त ३९ लिहिलं. तीस ऐकू आलं म्हणजे तीन असणार, आणि एकोणमध्ये कुठेतरी नऊ असतो हे तिला माहीत होतं. डबेवाल्या बायकांमध्ये हसू पिकलं. "एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी," धाकटी म्हणाली. "तीस अजून भरलेच नाहीत. दोनच दहा भरलेत, वर नऊ सुटे." हे शेवटचं वाक्य तिने सहज टाकलं होतं, पण थोरलीच्या डोक्यात ते कुठेतरी अडकून राहिलं. वर नऊ सुटे. सुटे हा शब्द तिच्या टेबलावरचा होता.

तरी शून्याशी तिचं जमेना. मुदत निम्म्यावर आली. साधे दोन आकडी आकडे ती आता लिहू लागली होती, पण शेकड्याच्या पुढे गेलं की गाडी घसरायची. तीनशे चार म्हटलं की ती तीनशे पूर्ण लिहायची, ३००, आणि त्याच्या ढुंगणाला चार चिकटवायची. नाहीतर शून्यं गाळून नुसते ३४ लिहायची. एका दुपारी धाकटीने चौथ्यांदा चूक खोडली तेव्हा थोरलीने पेन्सिल टेबलावर आपटली. टोक तुटून उडालं.

"शून्य म्हणजे काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही ना? मग काही नसलेलं लिहायचं कशाला? माझ्याकडे एखाद्या दिवशी काही नसतं तेव्हा मी गावभर सांगत फिरत नाही."

"तुमच्याकडे काही नसतं ते सांगावं लागत नाही, दिसतंच."

"शिकवता येत नाही ते सांग ना! सातवी म्हणे. सातवी कसली, नुसती पाटीची रिकामी चौकट आहेस. पोपटासारखं एकं-दहं करतेस. तुलाच कळलं नसणार, मला काय शिकवणार कपाळ?"

हे धाकटीला झोंबलं. बहुधा खरं होतं म्हणून झोंबलं. ती उठली, टेबलावरचा खडू घेतला आणि लाकडी फळीवर तीन उभ्या रेघा अशा ओढल्या की खडूचे दोन तुकडे झाले. टेबलावर चार घरं झाली. तिने मागून एक रिकामी पेटी ओढून डावीकडच्या घरात दाणकन ठेवली. त्याच्या उजवीकडच्या घरात एक खोकं, पुढच्या घरात एक पुडी, आणि सगळ्यात उजवीकडे एक सुटी मेणबत्ती आपटली. मेणबत्तीचा तुकडा पडला.

"हे बघ," ती ओरडली, आणि बायकांनी घास तोंडाकडे नेता नेता हात थांबवले, कारण धाकटीने पहिल्यांदाच थोरलीला 'अगं-तुगं' केलं होतं. "हे सुट्यांचं घर, हे पुड्यांचं, हे खोक्यांचं, हे पेट्यांचं. एकं, दहं, शतं, हजार. आकड्याला स्वतःची काही किंमत नसते. तो कुठल्या घरात बसलाय तेवढी त्याची किंमत. हाच एक इथे बसला तर एक मेणबत्ती, आणि इथे बसला तर अख्खी पेटी. कळलं?"

थोरली घरांकडे बघत होती.

"आता एकशे पाच मेणबत्त्या मांड. लिहू नकोस, मांड. चल!"

थोरलीने पेटी बाजूला ढकलली. खोक्यांच्या घरातलं खोकं तसंच ठेवलं. सुट्यांच्या घरातला तुकडा उचलून तिथे पाच अख्ख्या मेणबत्त्या टाकल्या. पुडी उचलून खाली ठेवून दिली.

"पुडीच्या घरात काय आहे?"

"काही नाही."

"मग ते घर गेलं का कुठे?"

थोरलीने रेघांकडे बघितलं. घर होतं. दोन खडूच्या रेघा आणि मधे उघडी फळी.

"घरात माणूस नसलं म्हणून घर पाडतात का? रिकामं आहे, पण आहे. त्या रिकाम्या घराच्या दारावर जी पाटी लावतात ना, तिला शून्य म्हणतात! ती पाटी काढलीस तर खोकं घसरून पुडीच्या घरात येईल, आणि शंभराचे दहा होतील. सगळ्यांना तुझ्यासारखी भिंत घालून घरं बुजवता येत नाहीत!"

शेवटचं वाक्य आकड्यांबद्दल नव्हतं, आणि ते सगळ्या खोलीला कळलं. थोरलीचा चेहरा लाल झाला. एरवी ती अशा वेळी समोरच्याला पळता भुई थोडी करायची, पण आज तिचं अर्धं लक्ष फळीवर होतं. तिने तुटका खडू उचलला. खोक्याच्या घरात एक लिहिला, पुडीच्या घरात शून्य आणि सुट्यांच्या घरात पाच. मग मान तिरकी करून बघत राहिली.

"म्हणजे मी..." ती म्हणाली, आणि थांबली. मग स्वतःशीच, "मी शंभराची दोन्ही रिकामी घरं तशीच ठेवली आणि पाचाला बाहेर उभा केला. म्हणून खोकं सरकत सरकत पेटीच्या घरात जाऊन बसलं."

"उजेड पडला एकदाचा," धाकटी धापा टाकत म्हणाली. भानावर येऊन तिने पुन्हा जुना सूर लावला. "पडला ना हो जाऊबाई?"

"पडला. पण तुझी खिडकी बुजवल्याचं मला वाईट वाटतंय असं समजू नकोस."

"नाही समजत. आणि मीही तुमच्यासाठी घसा कोरडा केला नाही. माझ्या नोकरीसाठी केला."

त्यानंतर मात्र थोरली अडली नाही. लिहिण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची आणि मनात टेबलावर माल मांडायची. तीनशे चार, तीन खोकी, पुड्यांचं घर ओस, चार सुट्या. सहाशे सत्तर, सुट्यांचं घर ओस. पंचवीस म्हटल्यावर कानाला आधी पाच ऐकू येत होता, पण त्या पाच सुट्या मेणबत्त्या आणि दोन पुड्या, हे एकदा दिसल्यावर कोण कुठे बसणार यात वाद उरत नव्हता. आकड्यांवरचा राग मात्र तिचा गेला नाही. "हे मेले बोलताना एक आणि दिसताना एक," असं ती शेवटपर्यंत म्हणायची. आणि शिकवणीतही समेट वगैरे काही नव्हता. धाकटी प्रश्न दगड मारल्यासारखा टाकायची आणि थोरली उत्तर तसंच परत फेकायची. शेजारी बसलेल्या बायकांना यात आता हसायला काही मिळेना, तेव्हा त्या एकेक करून उठून गेल्या. दोघींच्या ते लक्षातही आलं नाही.

मुदत संपली त्या दिवशी मालक आले, मागे मुकादम. मुकादमाने भिंतीवरच्या फळ्याकडे हात केला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, घाबरू नका हं. सोपंच विचारतो."

"घाबरायला तुम्ही काय साप आहात?" थोरली म्हणाली. "विचारा."

"सातशे सात."

७०७.

"एकोणऐंशी."

इथे ती थांबली. मुकादमाच्या ओठांचे कोपरे वर गेले. ऐंशीला एक कमी. आठवी पुडी भरली नाही. सात पुड्या, नऊ सुट्या. ७९.

"दोन हजार चाळीस."

२०४०.

"बाराशे."

हे सोपं वाटलं तरी सापळा होता. शिकवणीत हे कधी आलंच नव्हतं. बारा खोकी, आणि घर एक. एका घरात दोन आकडे बसवायचे कसे? दाराजवळ धाकटीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. थोरलीने डोळे मिटले. दहा खोकी झाली की आपण काय करतो? पेटीत भरतो. आयुष्यभर हेच तर केलं. मग उरली दोन. तिने पेटीच्या घरात एक लिहिला, खोक्याच्या घरात दोन, आणि पुढची दोन्ही घरं रिकामी असल्याच्या पाट्या लावल्या. १२००.

"नऊशे नव्याण्णव," मुकादमाचा आवाज आता तेवढा मऊ राहिला नव्हता, "आणि त्यात एक घाला."

थोरली हसली. त्या महिन्यातलं तिचं ते पहिलं हसू. "एका मेणबत्तीने पुडी भरली, पुडीने खोकं भरलं, खोक्याने पेटी भरली. तीन घरं ओस पडली बघा एका फटक्यात." तिने १००० लिहून खडू फळ्याखाली ठेवला आणि हात झटकले.

मालकांनी मान डोलावली. "ठीक आहे. कामाला लागा."

पण मुकादम हार मानणाऱ्यातला नव्हता. तो मालकांच्या कानाशी लागला, तरी ऐकू सगळ्यांना गेलं. "साहेब, आता मावशींना बिनचूक लिहिता येतं. मग दाराशी तपासनीस कशाला हवा? ती जागा कमी केली तर चालेल. नाहीतरी हिने एकदा दगा दिलाच आहे. तिथे हवं तर अर्ध्या वेळेसाठी एखादी..."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर घसा फोडून तिने जे शिकवलं, त्याच शिकवण्याने तिचाच पाय कापला जात होता. ती थोरलीकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती. थोरलीने आता दोन टाळ्या पिटल्या असत्या तर कुणालाच नवल वाटलं नसतं.

"अहो मुकादम," थोरली म्हणाली, "मी चुकले तर?"

"तुम्ही आता कशा चुकाल मावशी?"

"माणूस आहे, चुकेन. तेव्हा माझी चूक कोण धरणार? तुमची मेहुणी?" मुकादमाचे कान लाल झाले. मालकांनी त्याच्याकडे वळून बघितलं, कारण मेहुणीची बातमी त्यांना नवी होती. थोरली बोलतच होती. "दाराशी तिथे असं माणूस पाहिजे की जे माझ्या चुकीची वाट बघत टपून बसेल. या बाईचं मन माझ्याविषयी इतकं काळं आहे की माझं एक शून्य इकडचं तिकडे झालं तर हिला रात्री सुखाची झोप लागेल. अशी नजर तुम्हाला पगार देऊन मिळायची नाही. एकदा गप्प बसली, त्यात स्वतःचं नाक कापून घेतलं. आता नाही बसायची, आता ओरडेल. हिला हलवू नका."

"ही शिफारस आहे की शिवी?" मालक म्हणाले.

"तुम्हाला हवं ते समजा. मी हिच्या बाजूने बोलत नाही. मी माझ्या चिठ्ठ्यांच्या बाजूने बोलतेय."

धाकटीची जागा राहिली. मुकादमाची मेहुणी कारखान्यात आली नाही. वर्षभरात मुकादमही दुसरीकडे गेला, आणि जाताना सगळ्यांना इतक्या मऊ आवाजात निरोप दिला की काही जणींना तो गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

परीक्षेच्या त्याच दिवशी नळावर धाकटीने थोरलीला गाठलं होतं. आभार मानायला नाही. "माझं मन काळं आहे म्हणून सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती हो जाऊबाई."

"सांगायला कशाला हवं, दिसतंच. तूच म्हणाली होतीस मागे."

"ते मी तुमच्या रिकामपणाबद्दल म्हणाले होते."

"रिकामं असलं तरी घर असतं, हेही तूच म्हणालीस." थोरलीने नळ बंद केला. "लक्षात राहतं माझ्या."

घरी त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या ते नव्हत्याच. भिंत होती, विटा होत्या, धाकटीचा दिवा भरदुपारी जळत होता, आणि नवरे पायरीवर बसून आपापल्या बाजूच्या भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून होते. कारखान्यात मात्र दिवसभर आकडे टेबलावरून दाराकडे आणि दाराकडून टेबलाकडे खणखणीत आवाजात जात, आणि त्यातला एकही चुकून चालत नव्हता. पुढे मालकांनी मागच्या बाजूला मोठी शेड बांधली, माल वाढला, आणि चिठ्ठ्यांवर पेट्यांच्याही पलीकडचे आकडे यायला लागले. अशाच एका दुपारी थोरलीने डबा उघडायच्या आधी टेबलावर खडूने घरं आखली. चार झाल्यावर तिने डावीकडे आणखी एक रेघ ओढली.

"ए," तिने दाराकडे बघून हाक मारली. "हजाराच्या पलीकडचं घर कुठलं?"

"तुम्हाला काय करायचंय? गुडघे धड नाहीत, तेवढ्या लांब जाणार कशा?"

"येत नसेल तर तसं सांग."

"दहा हजार," धाकटी आपला डबा उचलून टेबलाकडे येत म्हणाली. "त्याच्या पलीकडे लाख. पण ते तुमच्या डोक्यात शिरायला माझा जन्म जाईल."

"जाऊ दे की. तसाही काय कामाचा आहे? बस आणि सांग. आणि हळू बोल, मी बहिरी नाही."